पांढऱ्या पाटीचा मामा

योगराज देवरे यांनी निवृत्तीच्या पैशातून गाडी घेतली तेव्हा देवपुरातल्या त्यांच्या गल्लीत घरोघर पेढे गेले. त्यानंतर चार महिने ती गाडी बहुतेक वेळ दारासमोर नुसती उभीच राहिली. बत्तीस वर्षं कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवण्यात गेलेला हा माणूस. गाडीही ते औषधासारखी बेताबेतानं वापरत. आठवड्यातून एकदा भाजीबाजार, महिन्यातून एकदा पेन्शनची बँक, आणि घरी आलं की लगेच गाडीवर कापड.

दिपमालाबाईंना ते बघवेना. "आवं, गाडी काय पूजाले आणेल शे का?" एके दिवशी त्या म्हणाल्याच. "बठ्ठा लोके हसतस." सगळे लोक हसतात, हे खरंही होतं.

त्या दिवशी नेमके जावई ललित पुण्याहून आलेले होते. त्यांनी चहा पिता पिता सासऱ्यांचा फोन हातात घेतला, लायसनचा फोटो काढला, गाडीच्या पुस्तकाचा काढला, सासऱ्यांचाही एक काढला, आणि कप रिकामा व्हायच्या आत योगराजभाऊंची गाडी फोनवरून गाड्या पाठवणाऱ्या एका कंपनीत नोंदवून टाकली.

"याला काही परवाना लागत असेल ना?" योगराजभाऊंनी भीत भीत विचारलं.

"बाबा, एवढी मोठी कंपनी आहे. बेकायदेशीर असतं तर त्यांनी घेतली असती का गाडी?"

हे योगराजभाऊंना पटलं. कंपनीच्या अटी एकेचाळीस पानांच्या होत्या आणि शेवटच्या पानावर 'माझी सर्व कागदपत्रे कायद्याप्रमाणे आहेत' असं लिहून पुढे एक चौकोन होता. ललितनी त्या चौकोनात खूण केली. अटी कोणी वाचल्या नाहीत.

पुढच्या अकरा दिवसांत पाच फेऱ्या झाल्या. योगराजभाऊ एकदम तरुण झाले. सकाळी काचा पुसायचे, मागच्या सीटवर पाण्याच्या दोन बाटल्या ठेवायचे, आणि प्रवासी उतरला की "या बरं का परत" म्हणायचे. पण बाराव्या दिवशी पेट्रोल पंपावर दुसऱ्या एका गाडीवाल्यानं समोर लावलेला कंपनीचा फोन आणि त्यांची नंबरप्लेट बघून कपाळाला हात लावला.

"काका, पांढरी पाटी? भाडं मारायचं तर पिवळी पाटी लागते. पकडलं तर गाडी जमा."

"मग?" योगराजभाऊंनी विचारलं.

"मग काय! आम्ही सगळे सांगतो तेच सांगायचं. गाडीत बसलेत ते पाहुणे आहेत. पाहुण्यांना नेणं काही गुन्हा नाही."

घरी येऊन त्यांनी ललितला फोन केला. "बाबा, सगळे तेच करतात," ललित म्हणाले आणि मीटिंग आहे म्हणून त्यांनी फोन ठेवला. योगराजभाऊंनी ठरवलं, आता ही एक फेरी आलीय ती करायची आणि मग बंद. ती फेरी होती धुळ्याच्या पाचव्या गल्लीतून थेट जळगाव. प्रवाशाचं नाव फोनवर आलं होतं: चेलना.

पाचव्या गल्लीत एका बंद घराच्या ओट्यावर पंचावन्न-साठीच्या एक बाई उभ्या होत्या. अंगावर लाल जरीची साडी, नाकात नथणी, हातात कोपरापर्यंत मेंदी, आणि डोळ्यांत पाणी. गाडी थांबायच्या आत त्यांनी दार उघडलं.

"भाऊ, जळगाव. अकराच्या आत पोचायचं. माझ्या मुलीचं लग्न आहे."

"मुलीचं लग्न? आणि तुम्ही इथे?"

"विसरले मला," बाई म्हणाल्या आणि त्यांचा बांध फुटला.

हकीकत साधीच होती. लग्न जळगावच्या मंगल कार्यालयात. घरातली सगळी मंडळी सकाळी सातला एक बस आणि तीन गाड्यांतून निघाली. निघताना बाईंना शंका आली की गॅस बंद केला की नाही. त्या बघायला आत गेल्या. गॅस बंद होता, म्हणून देवघराची समई बघितली, म्हणून गच्चीचं दार बघितलं. बाहेर आल्या तर गल्ली मोकळी. बसवाल्यांना वाटलं त्या गाडीत आहेत, आणि गाडीवाल्यांना वाटलं त्या बसमध्ये आहेत. फोन पर्समध्ये, पर्स बसमध्ये. तासभर त्या ओट्यावर बसून राहिल्या, कोणीतरी परत येईल म्हणून. आलं कोणीच नाही. शेवटी शेजारच्या सुनेनं स्वतःच्या फोनवरून ही गाडी मागवून दिली.

"नवऱ्याचा नंबर पाठ नाही का?"

"पाठ आहे. पण लावला नाही," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "म्हटलं, बघू तर किती वेळानं आठवण येते यांना."

योगराजभाऊंनी गाडीचा वेग वाढवला. फागणे गाव मागे पडलं तसा त्यांनी घसा खाकरून मुख्य विषय काढला. "अक्का, एक विनंती होती. रस्त्यात कोणी अडवलंच, तर मी तुमचा भाऊ लागतो असं सांगाल का?"

बाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "का हो? तुम्ही काय चोरी केलीय का?"

"नाही हो! फक्त पाटी पांढरी आहे."

बाईंना त्यातलं काही कळलं नाही. पण लग्नाला पोचवणारा माणूस आहे, तो म्हणेल ते खरं. "सांगेन," त्या म्हणाल्या.

पारोळ्याच्या अलीकडे रस्त्यावर अडथळे लावून परिवहन खात्याचं पथक उभं होतं. पुढे हात करून उभ्या होत्या निरीक्षक डिंपल सोनवणे, आणि त्यांच्या मागे पथकातले रुपचंद, खाकी कपड्यातले, मिशी भरघोस. नऊ वाजून चाळीस मिनिटं झाली होती. योगराजभाऊंनी गाडी इतक्या हळू बाजूला घेतली की मागचा टेम्पो भोंगा वाजवून पुढे गेला.

"कुठे निघालात?" मॅडमनी खिडकीत वाकून विचारलं.

"जळगावला. भाचीचं लग्न आहे."

"अरे वा. मागे कोण?"

"बहीण."

"काय नाव बहिणीचं?"

योगराजभाऊंनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून फोन बघितला. "चेलना."

मॅडम मागच्या खिडकीशी गेल्या. "ताई, नाव काय तुमचं?"

"प्रेमकुंवर भिकमचंद छाजेड." चेलना हे गाडी मागवणाऱ्या शेजारच्या सुनेचं नाव होतं.

मॅडम परत पुढे आल्या. त्यांचा चेहरा शांत होता, आणि त्याचीच योगराजभाऊंना भीती वाटली. "तुमच्या बहिणीला तिचं नाव माहीत नाही, की तुम्हाला तुमची बहीण माहीत नाही?"

"चेलना हे घरचं नाव," योगराजभाऊ म्हणाले. कपाळावरून घामाचा ओघळ थेट चष्म्यात उतरला. "आम्ही लाडानं…"

"तुम्ही देवरे, त्या छाजेड."

"लग्नानंतरचं आडनाव."

"आणि माहेरचं?" मॅडमनी मागे बघून विचारलं.

"बोथरा," प्रेमकुंवरबाई म्हणाल्या. खोटं बोलायचं ठरलं होतं ते एका प्रश्नापुरतं. पुढचे प्रश्न येतील हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"मानलेली बहीण आहे," योगराजभाऊंनी शेवटची वाट काढली.

नेमका त्याच वेळी समोर लावलेला फोन गोड आवाजात बोलला. "जळगावला पोचायला एक तास दहा मिनिटे. ग्राहक चेलना यांचा प्रवास आनंददायी करा."

रुपचंदांनी मिशीआड हसू दाबलं. मॅडम हसल्या नाहीत. "ताई, मिस्टरांचा नंबर सांगा. विचारूनच घेऊ."

प्रेमकुंवरबाईंनी नंबर सांगितला. मॅडमनी फोन लावून आवाज मोठा केला. पलीकडून सनई, भांडी आणि माणसांचा गलका ऐकू आला.

"भिकमचंद छाजेड बोलताय? मी परिवहन खात्यातून बोलतेय. तुमच्या मिसेस इथे पारोळ्याजवळ त्यांच्या भावाच्या गाडीत आहेत. बरोबर आहे ना?"

"माझी बायको?" भिकमचंदजींचा आवाज आला. "नाही नाही मॅडम, राँग नंबर. ती इथेच आहे, आत मुलीजवळ." मग ते कोणाला तरी म्हणाले, "जा रे, काकूला बोलाव." थोडा वेळ सनई वाजली. मग पळापळ ऐकू आली. "बसमध्ये नव्हती? म्हणजे? तुमच्या गाडीत नव्हती?" मग सनई बंद पडली. मग भिकमचंदजी फोनवर आले ते ओरडतच. "मॅडम! कोणाच्या गाडीत म्हणालात? भावाच्या? तिला भाऊच नाही! एकुलती एक आहे ती! कोण आहे तो माणूस? पकडून ठेवा त्याला!"

योगराजभाऊंनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

मागून प्रेमकुंवरबाई फोनच्या दिशेनं पुढे वाकल्या. दोन तासांचा राग त्यांच्या आवाजात गोळा झाला होता. "ओरडू नका," त्या म्हणाल्या. "सकाळपर्यंत नव्हता भाऊ. आता आहे. तुम्ही सगळे सोडून गेलात, तेव्हा आणायला तोच आला."

मॅडमनी फोन बंद केला. मग त्या योगराजभाऊंना म्हणाल्या, "खाली उतरा. भाऊ झालात ते चांगलं झालं. पण भाडं ठरलंय ना?"

"हो," योगराजभाऊ म्हणाले. आता खोटं बोलायची ताकदच उरली नव्हती. "आजवर पाच फेऱ्या केल्या. ही सहावी. कंपनीनं घेतली म्हणून वाटलं, चालत असेल."

"कंपनीचं कंपनी बघेल. गाडी कोणाच्या नावावर आहे? तुमच्या." मॅडमचा आवाज खाली आला. "काका, दंडाचं सोडा. विमा कसला आहे गाडीचा?"

"खासगी."

"म्हणजे घरच्या वापराचा. भाड्यानं माणूस बसवला आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल. मग त्या माणसाच्या दवाखान्याचा, त्याच्या घरच्यांचा खर्च कोण देणार? तुम्ही. पेन्शनमधून. पेन्शन पुरली नाही तर घरातून."

योगराजभाऊंच्या डोळ्यांसमोर चौथी फेरी आली. एक नवरा-बायको आणि त्यांचं आठ महिन्यांचं बाळ, सोनगीरला सोडायचं होतं. किल्ल्याच्या फाट्यावर उसाचा ट्रॅक्टर अचानक आडवा आला आणि यांनी ब्रेक दाबला. गाडी ट्रॅक्टरपासून वीतभर अंतरावर थांबली होती. बाळ जागंसुद्धा झालं नाही. तेव्हा ते हसत म्हणाले होते, "वाचलो बुवा." आता ती वीत त्यांना दिसायला लागली. ते रस्त्याकडेच्या दगडावर बसले.

"रुपचंद, यांना पाणी द्या," मॅडम म्हणाल्या.

रुपचंदांनी गाडीतलीच, प्रवाशांसाठी ठेवलेली बाटली आणून दिली.

आता प्रश्न असा होता की गाडी जप्त करायची, तर उभी कुठे करायची? जागा जळगावला कार्यालयाच्या आवारात. आणि मुलीच्या आईला रस्त्यावर सोडायचं, तर ते कोणत्या नियमात बसणार? मॅडमनी दोन मिनिटं विचार केला.

"ती फेरी आधी रद्द करा फोनवर."

योगराजभाऊंनी रद्द केली. फोननं कारण विचारलं आणि खाली पर्याय दिले: प्रवासी आला नाही, गाडी बिघडली, रस्ता बंद. "यातलं काहीच नाही मॅडम," ते म्हणाले.

"'इतर' दाबा. आता भाडं नाही, त्यामुळे ही तुमची घरची गाडी आणि या तुमच्या पाहुण्या. एक पैसा घ्यायचा नाही. रुपचंद सोबत बसतील. आधी ताईंना कार्यालयात सोडा, मग गाडी आमच्याकडे जमा करा. रुपचंद, गाडी आणि हे दोन्ही नजरेआड होऊ द्यायचं नाही."

"नाही होऊ देत," रुपचंद म्हणाले आणि पुढच्या सीटवर बसले.

एरंडोल मागे पडलं. मग मागून प्रेमकुंवरबाई म्हणाल्या, "भाऊ, माझ्यामुळे तुमची गाडी गेली."

"तुमच्यामुळे नाही अक्का," योगराजभाऊ म्हणाले. "तुमच्यामुळे थांबली. बरं झालं थांबली."

मंगल कार्यालयाच्या दारात पन्नास-साठ माणसं रस्त्याकडे डोळे लावून उभी होती. गाडीतून आधी खाकी कपड्यातले रुपचंद उतरलेले बघून भिकमचंदजींचा चेहरा पांढरा पडला. मग मागून प्रेमकुंवरबाई उतरल्या आणि नवऱ्याकडे न बघता सरळ आत निघाल्या. त्यांची मुलगी, विधी, नवरीच्या पोशाखात धावत आली आणि आईच्या गळ्यात पडली. "मम्मी, मला वाटलं तू पप्पांबरोबर आहेस."

"तुझ्या पप्पांनाही तेच वाटत होतं," प्रेमकुंवरबाई म्हणाल्या.

पण गोष्ट इथे संपली नाही. आत अंगणात नवरीच्या आत्याबाई ताट घेऊन उभ्या होत्या. "मायरा राहिलाय! बाराला फेरे आहेत. भाऊ कुठे आहे?"

मायरा म्हणजे मुलीच्या लग्नात तिच्या आईच्या भावाचा मान. त्यानं बहिणीला चुनडी पांघरवायची, तिनं त्याला ओवाळायचं. त्याशिवाय फेरे होत नाहीत. प्रेमकुंवरबाईंना सख्खा भाऊ नव्हता, म्हणून चाळीसगावचे चुलत चुलत भाऊ रतिलालजी यांना सांगून ठेवलेलं होतं. ते सकाळीच आले होते.

"रतिलालजी कुठे आहेत?" प्रेमकुंवरबाईंनी विचारलं.

भिकमचंदजींनी मान खाली घातली. "तुला शोधायला पाठवलं. फोन आल्या आल्या तीन गाड्या धुळ्याकडे पाठवल्या. ते पहिल्या गाडीत होते. आता पारोळ्याला आहेत. पथकाच्या मॅडमना विचारतायत, बाई कुठे आहे."

"आणि परत यायला?"

"तास."

आत्याबाईंनी ताट खाली ठेवलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. प्रेमकुंवरबाई वळल्या. योगराजभाऊ दाराशी, खांबाला टेकून, जप्त गाडीची किल्ली हातात धरून उभे होते, आणि त्यांच्या बाजूला हुकूम पाळत रुपचंद.

"भाऊ, आत या," त्या म्हणाल्या.

"अक्का, मी? मी असा, घरच्या शर्टवर! आणि मी तुमच्यातला नाही, मला तुमचं काही येत नाही."

"चुनडी डोक्यावर टाकता येते ना? मग झालं. हायवेवर नातं सांगितलंत ना तुम्ही? आता निभवा."

आत्याबाई काही बोलणार होत्या. प्रेमकुंवरबाईंनी त्यांच्याकडे एकदाच बघितलं. सकाळी मागे राहिलेल्या बाईला त्या दिवशी कोणी काही म्हणू शकत नव्हतं.

योगराजभाऊंना पाटावर उभं केलं. त्यांच्या डोक्याला कोणीतरी गुलाबी साफा बांधला. रुपचंद त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभे राहिले, कारण नजरेआड होऊ द्यायचं नव्हतं. त्यांना पुढच्या बायकांनी दुसरा भाऊ समजून पाटावर ओढलं.

"मी ड्युटीवर आहे!" रुपचंद म्हणाले.

"बहिणीच्या दारात भाऊ ड्युटीवरच असतो," प्रेमकुंवरबाई म्हणाल्या आणि त्यांच्याही कपाळाला कुंकू लागलं.

योगराजभाऊंनी चुनडी उचलली. त्यांनी ती प्रेमकुंवरबाईंच्या डोक्यावर घातली, एका बाजूनं जरा खाली आली म्हणून नीट केली, आणि बघतात तर बाई रडत होत्या. हे रडणं सकाळच्या ओट्यावरचं नव्हतं. "छप्पन वर्षांत पहिल्यांदा," त्या इतकंच म्हणाल्या. योगराजभाऊंना काहीतरी मोठं बोलावंसं वाटलं, पण त्यांच्या तोंडून आलं ते एवढंच: "गॅस बंद होता ना नक्की?" आणि प्रेमकुंवरबाई रडता रडता हसल्या. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. भिकमचंदजी पुढे आले, हात जोडले आणि म्हणाले, "सालेसाहेब, जेवल्याशिवाय जायचं नाही." जप्तीची गाडी दुपारी तीन वाजता जमा झाली, मागच्या सीटवर मिठाईच्या चार डब्यांसह.

संध्याकाळी बसनं घरी आल्यावर योगराजभाऊंनी सगळं दिपमालाबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकता ऐकता वाती वळल्या. मग म्हणाल्या, "गाडी जाऊ द्या. ते बाळ वीतभर अंतरानं वाचनं नसतं, तर आपण त्यानी मायले काय तोंड दाखाडतो?" त्यांनी देवापुढे दिवा लावला आणि ललितला फोन करून ती नोंदणी काढून टाकायला सांगितली. एकेचाळीस पानं आधी वाचून मग, असंही सांगितलं.

सोमवारी योगराजभाऊ जबाब द्यायला जळगावच्या कार्यालयात गेले. डिंपल मॅडमनी कागद पुढे सरकवला. त्यात एका ओळीत लिहिलेलं होतं: 'प्रवाशाशी नाते.' योगराजभाऊंनी चष्मा नीट केला आणि सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'सकाळी नऊ चाळीसला काही नाते नव्हते, मी खोटे बोललो. अकरा वाजून वीस मिनिटांपासून सख्खी बहीण आहे.'

मॅडमनी वाचलं. "दंड नऊ चाळीसचा आहे."

"हो मॅडम. भरतो. आणि मॅडम, आभार. तुम्ही अडवलं नसतं तर मी सातवी फेरीसुद्धा केली असती."

"अडवण्याबद्दल आभार मानणारे तुम्ही पहिलेच," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी कागदावर सही केली. मग दुसरा कागद काढला. "रुपचंद, तुमचाही जबाब घेऊ. साक्षीदार तुम्हीच आहात."

रुपचंद खुर्ची ओढून बसले. नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, दिनांक लिहिला. मग त्यांचं पेन एका ओळीवर थांबलं आणि पुढे जाईना. त्यांनी मिशी खाजवली, योगराजभाऊंकडे बघितलं, मग मॅडमकडे.

"काय झालं?"

"इथे विचारलंय, साक्षीदाराचं वाहनचालकाशी काही नातं आहे का."

"मग 'नाही' लिहा."

रुपचंदांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, एकाच बहिणीनं एकाच पाटावर आम्हा दोघांना ओवाळलंय," ते म्हणाले. "खोटं लिहू का?"